जुन्या ट्रॅक्टरचं हेड आणि कॉम्प्रेशन: उघडण्याआधी काय मोजायचं, उघडल्यावर काय ताडून बघायचं

जुना ट्रॅक्टर सकाळी सेल्फला दमवायला लागला, सुरू होताना पांढऱ्या धुराचा लोट सोडायला लागला, भरलेली ट्रॉली घेऊन चढाला मान टाकायला लागला, की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "कॉम्प्रेशन गेलंय, हेड उतरवा." हे निदान कधी बरोबर निघतं, कधी साफ चुकतं. (कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं, आणि हेड म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं लोखंडी झाकण.) पण हेड उतरवलं की गॅस्केटचा (हेडाखालच्या पातळ सीलचा) संच, फेसिंग (हेडाचा तळ मशीनवर तासून सपाट करणं), व्हॉल्व्हचं काम असा खर्च सुरू होतो. शिवाय गळती नेमकी कुठून होती, याचा अर्धाअधिक पुरावा त्या क्षणी पुसला जातो, कारण टेबलावर ठेवलेल्या सुट्या हेडातून हवा सुटताना ऐकू येत नाही.

जुना महिंद्रा बी-२७५, मॅसी ३५ किंवा १०३५ असा एखादा ट्रॅक्टर घरी उभा करायचं ज्यांच्या मनात आहे, त्या नवख्यांसाठी हे लिहितो आहे. पाना-पक्कड हातात धरता येते, एवढं गृहीत धरलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: हेड एकटं घेऊन दुसऱ्या हेडाशी ताडून बघता येत नाही. हेड, त्याखालचं गॅस्केट आणि पिस्टन या तिघांचा हिशोब एकत्रच मांडावा लागतो.

आधी इंजिनाची जात ओळखा

जुन्या डिझेल ट्रॅक्टरांत हेडाच्या दोन जाती सापडतात. पहिली इनडायरेक्ट इंजेक्शनची. हिच्यात हेडाच्या पोटात एक छोटी कोठडी असते, तिला प्रीचेंबर म्हणतात. नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा सोडणारी तोटी, त्या कोठडीत डिझेल मारतं, पेट तिथेच घेतला जातो आणि ज्वाळा एका अरुंद घशातून पिस्टनवर येते. अशा इंजिनाच्या पिस्टनचा माथा सपाट असतो किंवा त्यावर उथळ खाच असते. दुसरी जात डायरेक्ट इंजेक्शनची. हिच्यात हेडाची खालची बाजू सपाट असते आणि जळणाची जागा म्हणजे पिस्टनच्या माथ्यात कोरलेली वाटी. नोझलच्या टोकाला अनेक बारीक छिद्रं असतात आणि फवारा थेट वाटीत जातो.

बी-२७५ हा मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, इंग्लंडमधल्या डोंकास्टरचा. १९६३ साली महिंद्राने त्या कंपनीशी भागीदारी केली आणि १९६५ पासून तो आपल्याकडे बनू लागला. त्याचं बीडी-१४४ इंजिन चार सिलिंडरचं, १४४ घनइंचाचं, आणि हेड प्रीचेंबरवालं. थंडीत हीटर प्लग, म्हणजे कोठडी तापवणारा विजेचा प्लग, लाल झाल्याशिवाय ते नीट सुरू होत नाही, ते याचमुळे. कोठडीच्या भिंती आणि अरुंद घसा मिळून दाबलेल्या हवेतली बरीच उष्णता शोषून घेतात. पुढे महिंद्राच्या ट्रॅक्टरांच्या नावांमागे जे 'डीआय' लागलं, ते डायरेक्ट इंजेक्शनचंच.

मॅसीची गोष्ट शिकणाऱ्याला जास्त उपयोगाची आहे. ३५ ला सुरुवातीला स्टँडर्ड कंपनीचं २३सी हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन यायचं आणि गारठ्यात सुरू न होण्याबद्दल ते बदनाम होतं. १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसनने पर्किन्स ही इंजिन कंपनीच विकत घेतली आणि ३५ मध्ये तीन सिलिंडरचं पर्किन्स आलं. हे ३.१५२ कुटुंब: बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १२७ मिमी, एकूण अडीच लिटर. त्यात आधी इनडायरेक्ट हेड होतं, नंतर डायरेक्ट हेडाचं एडी३.१५२ आलं. म्हणजे बोअर तोच, स्ट्रोक तोच, पण हेड, पिस्टन आणि नोझल वेगळे. भंगारातून किंवा जुन्या बाजारातून हेड घेताना नवखा माणूस हमखास इथेच फसतो. दुकानदार बोल्टांची छिद्रं जुळवून दाखवतो आणि "बसतंय की" म्हणतो. बसतंय म्हणजे चालतंय असं नाही.

म्हणून ट्रॅक्टरच्या नावावर विसंबू नका. साठ वर्षांत त्या चेसिसवर कुठलं इंजिन चढलं असेल, याचा नेम नाही. ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि हेडावर ओतीव अक्षरांत असलेला कास्टिंग नंबर वायर ब्रशने घासून वाचा, खडू फिरवून फोटो काढा. एक नोझल बाहेर काढून त्याचं टोक बघा. टोकाला एकच भोक आणि मधून डोकावणारी पिन दिसली, तर इनडायरेक्ट. निमुळत्या टोकाच्या कडेने बारीक छिद्रं दिसली, तर डायरेक्ट.

गुणोत्तर आणि दाब: दोन्ही वेगळे धरा

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे गुणोत्तर, हा भूमितीचा आकडा आहे. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर कितव्या हिश्शाला येते, एवढंच तो सांगतो. दाब गेजवर दिसतो, आणि रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), व्हॉल्व्ह, गॅस्केट, सेल्फचा वेग या सगळ्यांवर अवलंबून असतो. रिंगा झिजल्या तरी गुणोत्तर तेच राहतं, दाब मात्र पडतो. उलट जाड गॅस्केट टाकलं, तर सगळं नवंकोरं असूनही गुणोत्तर खाली येतं.

३.१५२ चा हिशोब एकदा हाताने करून बघा, पुढे फार कामाला येतो. एका सिलिंडरचा स्ट्रोक ८३४ सीसीचा. इनडायरेक्ट इंजिनाचं गुणोत्तर १७.४:१. म्हणजे ८३४ भागिले १६.४, साधारण ५१ सीसी जागा वर उरते. डायरेक्ट एडी३.१५२ चं १८.५:१, तिथे ८३४ भागिले १७.५, म्हणजे ४८ सीसीच्या आत. दोन्हींत फरक केवळ तीनेक सीसीचा, चहाचा चमचासुद्धा भरत नाही. जुन्या इंजिनांत एवढासा फरक कुठून येतो, ते पुढे व्हॉल्व्ह आणि गॅस्केटच्या मापांत बघू.

आता समजा, वाटीच्या पिस्टनवर कुणी प्रीचेंबरवालं हेड चढवलं आणि त्या कोठडीमुळे २५ सीसी जागा वाढली. ४८ मध्ये २५ मिळवा, ७३ झाले. गुणोत्तर साडेबाराच्याही खाली गेलं. असं डिझेल इंजिन दिवसभर सेल्फ मारला तरी पेट घेणार नाही. उलट प्रकार केला, म्हणजे सपाट पिस्टनवर सपाट हेड, तर जळायला जागाच उरत नाही.

दाबाचा अंदाज गुणोत्तराला हवेच्या दाबाने गुणून येत नाही. हवेचा दाब १४.७ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला १४.७ पौंड; १७.४ गुणिले १४.७ केलं की जेमतेम २५६ पीएसआय येतात. पण दाबताना हवा तापते आणि तापलेली हवा आणखी दाब देते. उष्णता अजिबात निसटली नसती तर दाब आठशेच्या घरात गेला असता. प्रत्यक्षात थंड लोखंड उष्णता खातं, थोडी हवा निसटते, त्यामुळे चांगल्या स्थितीतलं जुनं ट्रॅक्टर इंजिन सेल्फवर साधारण साडेतीनशे ते साडेचारशे पीएसआय दाखवतं. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात आकडा दिला असेल, तर तोच खरा धरा.

आणखी एक: गेज समुद्रसपाटीचं बोलत नाही, तुमच्या गावचं बोलतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कोकणपट्टीपेक्षा जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी असतो. तेच निरोगी इंजिन अलिबागला ४०० दाखवत असेल तर वर घाटमाथ्यावर ३४० च्या आसपास दाखवेल. त्यात बिघाड काही नाही.

मापण्याची तयारी

घाई करणाऱ्यांचे आकडे इथेच बिघडतात.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सेल्फ मंद फिरला की दाब कमीच येणार. एअर क्लीनर ऑइल-बाथचा असेल तर त्यातला चिखल काढा, नाहीतर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि दोष रिंगांवर जातो. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधला गॅप, तपासा. गॅप उरलाच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगलं हेडही खराब दिसतं. जुन्या पर्किन्स ३.१५२ ला थंड इंजिनावर हा गॅप ०.३० मिमी ठेवतात. वीस मिनिटांचं टॅपेटचं काम करून कॉम्प्रेशन परत आल्याची उदाहरणं कुठल्याही फिटरला विचारा, दोन-चार तरी सांगेल.

इंजिन चालवून गरम करा, बंद करा, सगळी नोझलं काढा. नोझलखालचे तांब्याचे वॉशर जपून काढा आणि बसवताना नवेच वापरा. स्टॉपचा दांडा ओढून बांधून ठेवा, म्हणजे पंप डिझेल पाठवणार नाही. पाइप सुटे असताना डिझेलचा फवारा आला तर तो कातडीतून आत घुसतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ती दवाखान्यातच न्यायची असते. त्यामुळे पाइपांच्या तोंडाशी बोट नेऊ नका.

गेज डिझेलचाच हवा, निदान १,००० पीएसआयपर्यंत मोजणारा. मोटरसायकलवाल्याकडचा ३०० चा गेज इथे फुटेल. गेज नोझलच्या भोकात किंवा हीटर प्लगच्या भोकात बसवण्यासाठी त्या इंजिनाचा अ‍ॅडाप्टर लागतो.

आकडे घ्या, पण आधी एकमेकांशी ताडा

प्रत्येक सिलिंडरवर तेवढेच फेरे द्या. काटा चढायचा थांबेपर्यंत, साधारण सहा ते आठ ठोके. प्रत्येक आकडा जागच्या जागी लिहा आणि शेवटी पहिला सिलिंडर पुन्हा मोजा. तो आधीपेक्षा बराच खाली आला, तर बॅटरी बसत चालली आहे आणि मधले सगळे आकडे संशयित.

नवखे लोक पुस्तकातल्या आकड्याकडे आधी बघतात. मी म्हणेन, आधी सिलिंडर एकमेकांशी ताडा. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा यांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नको. समजा तीन सिलिंडरचं इंजिन ४००, ३९०, ३०० असं दाखवतंय. दोष तिसऱ्यातच आहे, इंजिन म्हातारं नाही. ४००, २८०, २७५ असं आलं तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधलं गॅस्केट जळून दोघांची हवा एकमेकांत जाते आहे, हा पहिला संशय. तिन्ही सारखेच २९० असतील तर सरसकट झीज असू शकते, पण मंद सेल्फ, जाड गॅस्केट किंवा चुकीच्या जातीचं हेडही असू शकतं. आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच वर दिसला तर खूश होऊ नका. त्यात बहुधा ऑइल उतरतंय किंवा कार्बनचा थर साचलाय.

तेल ओतू नका, हवा भरा

पेट्रोल इंजिनात एक जुनी युक्ती चालते: प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं, पुन्हा मोजायचं, आकडा वाढला तर रिंगा गेल्या. डिझेलवर ही युक्ती वापरू नका. वरचा हिशोब आठवा. ५१ सीसीच्या जागेत १० सीसी ऑइल टाकलं तर ४१ उरतात, म्हणजे गुणोत्तर १७.४ वरून थेट एकवीसच्या वर जातं. रिंगा ठणठणीत असल्या तरी आकडा उडी मारणारच. ऑइल थोडं जास्त पडलं तर पिस्टन त्यावर आदळतो, आणि तेल काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्यापेक्षा हवेची चाचणी घ्या. एक निकामी नोझल होल्डर घ्या, आतलं सगळं काढून टाका, वर हवेच्या पाइपाचा निपल ब्रेझिंग करून घ्या. गावातला वेल्डर अर्ध्या तासात करून देतो. ज्या सिलिंडरची चाचणी घ्यायची, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या ठोक्यावर अगदी वर आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने ८० पीएसआय हवा सोडा. ९१ मिमीच्या पिस्टनवर तेवढ्याने साडेतीनशे किलोहून जास्त जोर येतो. पिस्टन केसभर जरी पुढे-मागे असला तरी क्रँक झटक्यात फिरते. म्हणून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये, ब्रेक बांधून, चाकांना दगड लावून ठेवा. क्रँकवर पाना तसाच विसरला तर तो भिरभिरत येतो. फॅनजवळ कुणी उभं नको.

मग इंजिन बोलायला लागतं. सायलेन्सरच्या तोंडाशी कान न्या. फुस्सकन सतत आवाज येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरचा पाइप सोडून ऐका, तिथे आवाज असेल तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑइल भरायचं झाकण उघडा. इथे थोडी फुसफुस निरोगी इंजिनातही असते, कारण रिंगांच्या तोंडातून थोडी हवा जाणारच. पण झाकणावर ठेवलेला कागद उडत असेल तर लायनर-रिंगांचं काम आहे (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली नळी), हेडाचं नव्हे. रेडिएटर काठोकाठ भरून झाकण उघडं ठेवा. बुडबुडे आले तर गॅस्केट गेलंय किंवा हेड-लायनरला चीर आहे. शेजारच्या सिलिंडरच्या नोझलच्या भोकातून हवा आली तर मधलं गॅस्केट.

सायलेन्सर, एअर क्लीनर, रेडिएटर आणि शेजारचा सिलिंडर, यांपैकी कुठेच आवाज नाही, फक्त ऑइलच्या झाकणातून वारा येतोय, अशा इंजिनाचं हेड फेस करून काहीही सुधारत नाही. तरी लोक करतात, कारण फेसिंग लायनर-पिस्टनपेक्षा स्वस्त पडतं.

हेड उतरवताना

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. पाणी काढा, रॉकर काढा, पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात क्रमाने खोचून ठेवा. नट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे ढिले करा. चिकटलेलं हेड सुटावं म्हणून फटीत स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका, तो ओरखडा पुढचं गॅस्केट फोडतो. जुनं गॅस्केट फेकायच्या आधी उजेडात धरून बघा. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर काळा जळका रस्ता दिसला तर हवेच्या चाचणीला पुरावा मिळाला.

टेबलावरचं हेड

आधी धुवा, कार्बन लाकडी पट्टीने आणि ब्रशने काढा. मग तपासणी.

सपाटी बघायला चांगली स्टीलची सरळपट्टी आणि फिलर गेज लागतं. पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा, खालून पत्ती जाते का बघा. या जुन्या पर्किन्सला रुंदीत ०.०८ आणि लांबीत ०.१५ मिमीपर्यंतचा वाक चालतो. त्याच्या आत असेल तर फेसिंगची गरज नाही. वर्कशॉपवाला "आणलंच आहे तर हलका हात मारू" म्हणेल. नको म्हणा.

चिरा सहसा ठरलेल्या जागी सापडतात: इनलेट आणि एक्झॉस्ट सीटच्या (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्यांच्या) मधली अरुंद पट्टी, नोझलच्या भोकाचा काठ, आणि प्रीचेंबरवाल्या हेडात घशाचा काठ. डोळ्याला न दिसणारी चीर लाल रंगाच्या डाय पेनिट्रंटने उघडी पडते. पाण्याच्या कप्प्यापर्यंत गेलेली चीर मात्र प्रेशर टेस्टशिवाय नक्की कळत नाही. पाण्याची सगळी भोकं पट्ट्या आणि रबराने बंद करायची, हवा भरायची, हेड गरम पाण्यात बुडवायचं. गरम अशासाठी, की काही चिरा लोखंड तापल्यावरच तोंड उघडतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी अशी चाचणी, सरफेस ग्राइंडिंग आणि सीट बदलणं एकाच गल्लीत उरकतं. तालुक्याच्या गावी लेथवर हेड फेस करून मिळतं, पण प्रेशर टेस्टची सोय आहे का, ते विचारूनच द्या.

व्हॉल्व्ह गळतात का, ते बघायला पोर्टचं तोंड वर येईल असं हेड कडेवर ठेवा, व्हॉल्व्ह जागेवर ठेवूनच पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि सीटच्या काठाने ओल येते का बघा. थेंब पडत असेल तर लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं. सीटला खड्डे असतील तर ग्राइंडिंग.

यानंतरचं माप बहुतेक जण घेतच नाहीत: व्हॉल्व्हचा माथा हेडाच्या पृष्ठभागापासून किती आत आहे? डेप्थ गेजने मोजा, नाहीतर सरळपट्टी आणि फिलरने. दर वेळी सीट ग्राइंड केली की व्हॉल्व्ह थोडा आत जातो आणि वरची जागा वाढते. माथ्याचा व्यास ४० मिमी धरला तर १ मिमी आत जाणारा व्हॉल्व्ह सव्वा सीसी जागा वाढवतो, दोन्ही मिळून अडीच. एडी३.१५२ ला तेवढ्यानेच १८.५ चं १७.६ होतं. तीन-चार वेळा 'व्हॉल्व्हचं काम' झालेल्या हेडाला सकाळी सुरू व्हायला वेळ का लागतो, त्याचं उत्तर इथे आहे. इलाज फेसिंग नाही, नव्या सीट बसवणं हा आहे.

दोन हेडं शेजारी ठेवून

तुमचं जुनं हेड आणि बाजारातून आणलेलं दुसरं, असा निवाडा करायचा असेल तर जाड-पातळ, नवं-जुनं यापेक्षा हे बघा: कास्टिंग नंबर, एकूण उंची, व्हॉल्व्हची खोली, नोझलचं टोक किती बाहेर येतं, पाण्याच्या भोकांच्या जागा, आणि प्रीचेंबर असेल तर त्याचं माप. उंची व्हर्निअरने चारही कोपऱ्यांत मोजा. मूळ मापापेक्षा बरीच कमी भरली तर ते हेड आधी कुणीतरी दोन-तीनदा तासलेलं आहे. कोपऱ्या-कोपऱ्यांत फरक असेल तर तासणाऱ्याने तिरकं तासलंय.

प्रीचेंबर मोजायला मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज पुरते. नोझल आणि हीटर प्लग जागेवर बसवा, हेड उलटं आणि लेव्हलमध्ये ठेवा, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला दोन छोटी भोकं पाडून तो ग्रीसने चिकटवा. एका भोकातून ऑइल मिसळलेलं रॉकेल सोडा, दुसऱ्यातून हवा निघू द्या. पातळी अ‍ॅक्रिलिकला टेकली की किती मिली गेलं, ते लिहा. सगळ्या कोठड्या एकमेकींच्या जवळपास भरायला हव्यात. वाटीच्या पिस्टनलाही हीच पद्धत, फक्त अ‍ॅक्रिलिकचा तुकडा पिस्टनच्या माथ्यावर.

फेसिंगने काय बदलतं?

याचं उत्तर इंजिनाच्या जातीवर ठरतं.

पेट्रोल किंवा केरोसीनच्या जुन्या ट्रॅक्टरात जळणाची जागा हेडात कोरलेली असते, त्यामुळे हेड तासलं की जागा घटते आणि गुणोत्तर वाढतं. १९४६ पासून इंग्लंडात कोव्हेंट्रीला बनलेला फर्ग्युसन टीई२० हे याचं उत्तम उदाहरण. तो पेट्रोलवर आणि ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइलवर, म्हणजे एक प्रकारच्या केरोसीनवर, अशा दोन्ही रूपांत यायचा. केरोसीन कमी ऑक्टेनचं, जास्त दाबलं की ठोकतं, म्हणून त्याचं गुणोत्तर पेट्रोलपेक्षा खाली ठेवायचे. त्याच्या नंतरच्या इंजिनाचा हिशोब बघा: ८५ मिमी बोअर, ९२ मिमी स्ट्रोक, एका सिलिंडरचे ५२२ सीसी. ६:१ ला वर १०४ सीसी जागा लागते, ५:१ ला १३०. फरक २६ सीसीचा, डोळ्यांनाही दिसावा एवढा. संग्रहासाठी असा ट्रॅक्टर उभा करून तो आता पेट्रोलवरच चालवणार असाल, तर पेट्रोलचं हेड शोधणं रास्त आहे.

सपाट हेडाच्या डायरेक्ट डिझेलमध्ये मात्र जागा पिस्टनच्या वाटीत आहे. हेड ०.३ मिमी तासलं तर वाटी तेवढीच राहते. फक्त व्हॉल्व्ह पृष्ठभागाच्या ०.३ मिमी जवळ येतात आणि नोझलचं टोक तेवढं जास्त बाहेर डोकावतं. म्हणजे कॉम्प्रेशनचा फायदा नाममात्र, पण व्हॉल्व्ह पिस्टनला टेकायचा धोका खरा, आणि फवारा वाटीत नको त्या जागी पडून धूर वाढतो तो वेगळाच. कॉम्प्रेशन वाढावं म्हणून डिझेल हेड तासून घेणं हा शुद्ध गैरसमज आहे. प्रीचेंबरवाल्या हेडात तासण्याआधी घशाचे इन्सर्ट काढावे लागतात आणि नंतर त्यांची बैठक तेवढीच खोल करावी लागते, नाहीतर ते वर राहून गॅस्केट दाबू देत नाहीत.

गॅस्केटची जाडी मात्र सगळ्याच जातींत परिणाम करते. ३.१५२ च्या बोअरला गॅस्केट ०.२ मिमी जास्त जाड आलं तर सव्वा सीसीहून थोडी जास्त जागा वाढते. बाजारात एकाच इंजिनासाठी वेगवेगळ्या जाडीची गॅस्केटं मिळतात. जुनं, दाबलेलं गॅस्केट मायक्रोमीटरने मोजा आणि नवं त्याच्याशी ताडा. एकावर एक दोन गॅस्केटं घालणाऱ्याच्या हातात तर ट्रॅक्टर देऊच नका.

बसवण्याआधी शेवटची खात्री

पिस्टन आणि हेड यांच्यात किती फट उरते, ते मोजायला सोल्डरची मऊ तार वापरा. पिस्टनच्या माथ्यावर, वाटी आणि व्हॉल्व्हची जागा सोडून दोन बाजूंना तुकडे ग्रीसने चिकटवा. त्यांच्या मधून पिस्टन-पिनची रेघ जाईल असे ठेवा, म्हणजे पिस्टन कलला तरी सरासरी बरोबर येईल. जुनंच दाबलेलं गॅस्केट टाकून हेड टॉर्कने आवळा, क्रँक हाताने एकदा फिरवा. सेल्फ मारायचा नाही. हेड काढून चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडा. प्रत्येक सिलिंडरला वेगळं माप आलं तर ब्लॉक तिरका तासलाय किंवा एखादा रॉड वाकलाय.

मग नवं गॅस्केट, कोरडी स्वच्छ पृष्ठं, नटांच्या आट्यांना थेंबभर ऑइल. आवळायची ती मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. "हाताला अंदाज आहे" हे वाक्य इथे चालत नाही. टॅपेट लावा, डिझेल लाइनची एअर काढा, सुरू करा, गरम होऊ द्या आणि पुस्तकात सांगितलं असेल त्याप्रमाणे नट पुन्हा टॉर्कवर घ्या. नट बसला की टॅपेटचा गॅप बदलतो, तो परत बघा.

रिंगा नव्या असतील तर पहिल्याच दिवशी कॉम्प्रेशन पूर्ण येत नाही. रिंगा लायनरवर बसायला चाळीस-पन्नास तास काम लागतं. ते हलकं फिरवून नव्हे, बेताचा भार देऊन: रोटर लावून किंवा अर्धी ट्रॉली ओढून. तासन्‌तास रिकामं फिरवलेल्या इंजिनाचा लायनर आतून चकचकीत होतो आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. पन्नास तासांनी त्याच गेजने, पूर्ण चार्ज बॅटरीवर, गरम इंजिनावर पुन्हा मोजा. आकडा तिथल्या तिथेच असेल आणि ऑइलच्या झाकणातून वारा येत असेल, तर लायनर पुन्हा होन करून, म्हणजे आतून बारीक दगडाने घासून, घ्यावा लागेल. हेडाला हात लावू नका.